न जोडलेली गेटं

सुकुमार मगदूम गेले, त्याच्या पुढच्याच रविवारी त्यांच्या बायकोने, पद्मजाने, वर्ग घेतला. रद्द करावा असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

इचलकरंजीत मगदूमांच्या यंत्रमागाच्या शेडवर, त्यांच्या घराला लागून, एक लांबट खोली होती. इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेली माणसं दर रविवारी सकाळी तिथं जमत. कुणी कॉलेजात शिकणारं, कुणी दुकान चालवणारं, कुणी निवृत्त. पद्मजा पूर्वी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. आजारपणात नोकरी सुटली, पण सोल्डरिंगचा नाद सुटला नाही, म्हणून हा वर्ग. त्या रविवारी माणसं आली ती शिकायला नव्हे, भेटून जायला. चपला काढून आत येतात तो फळ्यावर विषय लिहिलेला: प्रोग्रॅमेबल लॉजिक, ओळख.

"बसा की," पद्मजा म्हणाली.

आता काय करायचं? माणसं अवघडून बसली.

"तुम्ही आजवर साधी गेटं वापरली," तिने सुरुवात केली. "'आणि' गेट. दोन्ही तारांत वीज आली तरच पुढं वीज सोडतं. 'किंवा' गेट, एकीत आली तरी सोडतं. 'नाही' गेट, येईल त्याच्या उलट करतं. अशी पाच-पन्नास गेटं तारांनी जोडली की एखादं घड्याळ होतं, कुलूप होतं. पण एक तार चुकली की सगळं उपसायचं. आता ही चिप बघा." तिने नखाएवढा काळा चौकोन वर धरला. "यात गेटं लाखांनी आहेत, पण कारखान्यातून निघताना ती एकमेकांना जोडलेली नाहीत. जोडणी कुणी करायची? तुम्ही. आणि कितीही वेळा."

"म्हणजे कॉम्प्युटरच की मॅडम," मागून एकीने विचारलं.

"नाही. कॉम्प्युटर तुमच्या सूचना एकामागून एक वाचतो आणि पाळतो. ही चिप काही वाचत बसत नाही. ती स्वतःच तुम्हाला हवा तो परिपथ, म्हणजे सर्किट, होते. खाली डॉबीचा माग आहे ना? त्याच्या लाकडी पट्ट्यांत खुंट्या जशा ठोकाल तसा काठ उतरतो. माग तोच, सूत तेच. खुंट्या बदला, काठ बदलला. इथं खुंट्यांच्या जागी विजेचे बारीक स्विच आहेत. वीज गेली की ही चिप सगळं विसरते, पण शेजारच्या स्मृतीत जोडणीचा नकाशा ठेवलेला असतो. वीज आली की तो वाचून पुन्हा होती तशी होते."

मागाचं नाव निघालं तसं दोघीतिघींनी माना खाली घातल्या. सुकुमार त्याच मागाशेजारी कोसळले होते. पद्मजाचा आवाज मात्र कुठं अडला नाही. तिने वेळेवर वर्ग संपवला आणि फळा पुसला.

शेटेकाका मागं थांबले. ते वीजमंडळातून निवृत्त झालेले, सुकुमारचे जुने मित्र. "वहिनी, रागावू नका, एक बोलू? परवा तर रक्षाविसर्जन झालं. आज घरी थांबायचं होतं."

"घरी थांबून काय करायचं असतं, काका?" पद्मजाने विचारलं.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. शेटेकाकांनी चपला घातल्या. ते कठड्याला धरून सावकाश जिना उतरले.

पद्मजा पूर्वी अशी नव्हती. काही वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासताना तिच्या उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ आली होती. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची नस बिघडते आणि साधा स्पर्शसुद्धा मेंदूपर्यंत आग म्हणून पोचवते. मग केसाची बट गालावर आली तरी कळ, घास चावला तरी कळ, दार उघडून वाऱ्याची झुळूक आली तरी कळ. गोळ्यांनी ती दिवसभर गुंगीत राही. दोन शस्त्रक्रिया झाल्या, गुण आला नाही.

त्या दिवसांत ती खोलीत येण्याआधी सुकुमार उठून पंखा बंद करायचे. इचलकरंजीचा उन्हाळा त्या माणसाने बिनपंख्याचा काढला, एक नव्हे, चार. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे, पण तिच्याजवळ बसून पेज भरवताना ते कुजबुजायला शिकले. त्यांची कुजबुज शेजारच्या घरात ऐकू जायची, ती गोष्ट वेगळी.

मग मिरजेतल्या एका रुग्णालयात तिच्या डोक्यात तशीच एक चिप बसली. डॉ. अमृता हेर्लेकरांनी आधी नीट समजावून सांगितलं होतं. वेदनेचे दोन भाग असतात. कुठं दुखतंय हे मेंदूच्या एका भागाला कळतं, आणि ते किती सोसवत नाही हे दुसऱ्या भागात ठरतं. चिप कानामागं बसवायची आणि तिच्या तारा त्या दुसऱ्या भागात सोडायच्या. कळ आल्याचं कळेल, पण तिचा त्रास होणार नाही.

"पण प्रत्येकाचा मेंदू वेगळा," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "म्हणून आम्ही तयार परिपथ घालत नाही. चिपला एकच काम देतो, इथली तळमळ कमी कर. तुम्ही झोपलात की ती आपली जोडणी किंचित बदलून बघते. फरक पडला तर तो बदल ठेवते, नाही तर सोडून देते. पिढ्यान्‌पिढ्या जीव बदलत आले तसंच, फक्त फार वेगाने."

फरक पडला. हळूहळू गालावरची कळ कुणीतरी टिचकी मारावी इतकीच उरली. पद्मजा भाकरी चावून खाऊ लागली, पंखा फिरू लागला, वर्ग सुरू झाला. सुकुमारनी शेडमधल्या सगळ्यांना पेढे वाटले.

पुढं त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. "तू अलीकडं चिडत नाहीस," ते एकदा म्हणाले. "मी दुधाचं पातेलं करपवलं तरी नाही."

"चिडून काय होणार?"

"तसं नव्हे. पण भांड की जरा कधी."

ती हसली होती. हसावं असं ते वाक्य आहे, हे तिला कळलं होतं.

सुकुमार गेल्याचं कळताच बेळगावहून सन्मती आली. ही त्यांची एकुलती मुलगी, तिकडे पशुवैद्य होती. आल्यापासून ती रडत होती आणि आईकडे बघत होती. भेटायला येणाऱ्यांना आई चहात साखर किती ते विचारत होती. त्यातच शेडमधल्या एका कामगाराने न राहवून सन्मतीला सांगितलं, की मालक पडले तेव्हा पद्मजाताईंनी नाडी बघितली, ॲम्ब्युलन्सला फोन लावला, आणि मग जाऊन एक माग बंद केला. त्याचा ताणा, म्हणजे उभं सूत, तुटला होता म्हणून.

वर्ग संपवून पद्मजा घरात आली तेव्हा सन्मती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आई, तू एकदाही रडली नाहीस."

"हो. माझ्याही लक्षात आलंय."

"लक्षात आलंय?" सन्मतीचा आवाज चढला. "आई, गाईचं वासरू मेलं तर ती हंबरत राहते, वैरणीला तोंड लावत नाही. मी रोज बघते. अण्णांना नेलं त्या संध्याकाळी तू तिसरी पोळी मागून घेतलीस!"

"भूक लागली होती."

"अण्णा गेलेत हे तुला कळतंय ना?"

पद्मजाने विचार केला. मुलीला खरं उत्तर द्यायचं होतं. "कळतंय," ती म्हणाली. "चेहरा दुखतो तेव्हाही कळतं, तसंच कळतंय." मग खुर्ची ओढून बसली आणि तिने कानामागं बोट नेलं, चिपची उंचवट्याची जागा होती तिथं.

सन्मतीचा राग एकदम विझला. "आई," ती म्हणाली, "ही चिप नक्की काय काय थांबवते?"

आपल्या अंगातल्या यंत्राची जोडणी पाहण्याचा हक्क तोवर रुग्णांना मिळाला होता. पद्मजाने चिप वाचायचं यंत्र कानामागं लावलं आणि नकाशा पडद्यावर उतरवला. माणसाने आखलेल्या परिपथात खोल्या असाव्यात तसे भाग असतात, इथून आत, इथं काम, इथून बाहेर. हा परिपथ झुडपासारखा वाढला होता. काही तारा निघाल्या तिथंच परत आल्या होत्या. एका कडेला तर मूठभर गेटं अशी होती की त्यांची एकही तार बाकी कशाला जोडलेली नव्हती.

"ही बिनकामाची असणार," सन्मती शेजारी बसून म्हणाली.

"असायला हवीत." पद्मजाने नेमक्या त्याच जातीची एक चिप कपाटातून काढली, सगळा नकाशा तिच्यात भरला आणि स्वतःच्या मेंदूतून टिपलेले जुने संकेत तिला दिले. चिप ढिम्म. नकाशा तोच, चिप तीच, पण काम शून्य. मग तिने एक धाडस केलं. डोक्यातल्या चिपमधली ती न जोडलेली गेटं क्षणभर बंद केली. त्याच क्षणी तिच्या गालात आग पेटली आणि ती टेबलाला धरून ओणवी झाली. सन्मतीने घाईने ती पुन्हा चालू केली.

"तारेने नाही, शेजारपणाने जोडलीत," श्वास सावरल्यावर पद्मजा म्हणाली. तिचा आवाज पुन्हा सपाट झाला होता. "त्यांची ऊब, शेजारच्या तारेत झिरपणारी चिमूटभर वीज, या एकाच तुकड्यातला एखादा बारीक दोष. चिपला नियम ठाऊक नव्हते. तिने मिळेल ते वापरलं. म्हणून याची नक्कल होत नाही, आणि यातलं काही वेगळंही काढता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी मिरजेला गेल्या. डॉ. हेर्लेकरांनी सगळं ऐकून घेतलं.

"बोट चिरल्याची तळमळ आणि माणूस गेल्याची तळमळ, मेंदू या दोन्हींसाठी बरीचशी एकच जागा वापरतो," त्या म्हणाल्या. "आम्हाला याची थोडी कल्पना होती. चिप इतकी पुढं जाईल असं वाटलं नव्हतं. तिला आम्ही तळमळ कमी करायला सांगितलं होतं. कसली, ते सांगितलं नव्हतं."

"नवी बसवता येईल?" सन्मतीने विचारलं.

"येईल. पण तीसुद्धा याच वाटेने जाईल. आणि ती शिकेपर्यंत वर्षभर यांना चेहऱ्याची कळ सोसावी लागेल."

"बाकीच्या पेशंटांचं काय? कुणी काही बोललं नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तक्रार करायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं."

उपाय एकच होता, चिप बंद करणं. त्यासाठी पद्मजाजवळ छोटा रिमोट होता. बंद केली तर दुःख परत येणार होतं, आणि चेहऱ्याची कळही.

परतताना गाडीत पद्मजा म्हणाली, "मला बंद करावीशी वाटत नाही. चालू ठेवावी असंही वाटत नाही. पण वाटत नाही हाच तर बिघाड आहे. आणि बिघडलेल्या मीटरने बिघाड शोधायचा नसतो. तुझा मीटर चांगला आहे. तू ठरव."

सन्मतीने बाहेर बघत सांगितलं, "बंद कर."

दुपारी घरी आल्यावर पद्मजाने बटण दाबलं. सुरुवातीला काहीच झालं नाही. ती पलंगावर बसून राहिली. मग खाली जेवणाची सुट्टी झाली आणि माग एकेक करून थांबले. रोज ते थांबले की जिन्याच्या तळाशी उभं राहून सुकुमार ओरडायचे, "वाढ गं!" आजूबाजूच्या चार घरांना कळायचं, मगदूम जेवायला निघाले. आज शेवटचा माग थांबला. जिन्याकडून आवाज आला नाही. पद्मजा वाट बघत राहिली, आणि आपण वाट बघतोय हे तिला कळलं.

"हे गेले," ती म्हणाली. जणू तिला कुणीतरी आत्ता येऊन सांगितलं होतं.

डोळे भरले आणि उजव्या डोळ्यातलं पाणी गालावर उतरलं. त्यासरशी ती किंचाळली. पाण्याचा ओघळ जिथं जिथं गेला तिथं तिथं वीज पेटत गेली. सन्मती पदर घेऊन धावली.

"पुसू नको! हात लावू नको!"

सन्मती जागच्या जागी थांबली. रडलं की कळ, कळ आली की डोळ्यांत पाणी, पाणी ओघळलं की पुन्हा कळ. आईला जवळ घेता येईना, पाठीवर हात ठेवला तरी तिचा चेहरा हलत होता. शेवटी पद्मजानेच मार्ग काढला. तिने मान पूर्ण पुढं घातली, म्हणजे थेंब गालाला न लागता सरळ खाली पडतील. तशी ओणवी बसून ती रडली. मांडीवरची साडी भिजली.

पुढचे काही दिवस असेच गेले. पंखा बंद, खिडक्या बंद. सन्मती कोमट पेज भरवायची, अर्धी वाटी जायला तास लागायचा. मधे कळ थांबायची तेवढ्यात पद्मजा बोलून घ्यायची. तुटलेल्या ताण्याबद्दल बोलली. "ते खाली पडलेले आणि मी सूत बघत होते, सन्मती. सूत!" चार उन्हाळ्यांबद्दल बोलली, ती कुजबुज आठवून हसली, आणि हसण्याने कळ आली तेव्हा तोंडावर पंजा धरून तशीच हसत राहिली. शेटेकाका येऊन समोर बसले. या वेळी दोघांपैकी कुणीच काही विचारलं नाही. दोघंही मान खाली घालून बसली होती.

पण नस दमत नाही. झटके वाढत गेले. बोलणं बंद झालं, मग गिळणं. एका सकाळी सन्मतीने पाहिलं तर आई भिंतीशी उकिडवी बसली होती, डोळे उघडे, नजर कुठंच नाही. असे डोळे सन्मतीने गोठ्यांत पुष्कळदा पाहिले होते. अशा जनावराच्या मालकाला काय सांगायचं असतं, ते तिला ठाऊक होतं.

ती रिमोट घेऊन आईसमोर बसली. "आई, बस झालं. लावू या."

पद्मजाने मान हलवली, नाही. जरा वेळाने कळ ओसरली तेव्हा ओठ न हलवता म्हणाली, "अजून झालं नाही."

"ते होणारच नाही. आणि तोवर तू उरणार नाहीस. अण्णा असते तर त्यांनी कधीच लावलं असतं."

"मग मला पुन्हा काही वाटणार नाही. यांच्याबद्दल. तुझ्याबद्दलही."

"माहीत आहे."

"मी चांगलं वागेन तुझ्याशी. पण आतून..."

"माहीत आहे, आई. तू बंद कर म्हणून मीच सांगितलं होतं. मला तेव्हा वाटलं, तू रडलीस की झालं." सन्मतीने नाक पुसलं. "आता मीच लावते. तुझ्या वाट्याचं मी रडेन."

"थांब." पद्मजाने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं, एखादा अवघड परिपथ पाठ करून घ्यावा तसं. मध्येच एक झटका आला, तो जाऊ दिला, आणि पुन्हा पाहिलं. "आत्ता मला तू फार हवीशी वाटतेस. उद्या विचारलंस तर मी हे सांगेन, पण ते आठवून सांगेन. आत्ता खरं आहे." मग तिने डोळे मिटले. "लाव."

सन्मतीने बटण दाबलं.

चिपने शेजारच्या स्मृतीतून आपली जोडणी वाचून घेतली. त्याला निमिषसुद्धा लागलं नाही. पद्मजाच्या चेहऱ्यावरची ओढ सैल पडली, खांदे खाली आले. तिने जबडा उघडून बघितला, मिटून बघितला. उठून तांब्यातलं पाणी प्यायली, सगळं. गालावरून पदर फिरवला.

मागं वळून पाहिलं तर सन्मती जमिनीवरच बसून रडत होती. हुंदक्यांनी तिची पाठ हलत होती.

पद्मजा तिच्याजवळ येऊन बसली. अशा वेळी आईने काय करायचं असतं, हे तिला आठवत होतं. तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"असा ठेवू?" तिने विचारलं.

"हं. असाच."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

सन्मतीने बराच वेळ काही सांगितलं नाही, आणि पद्मजाने हात काढला नाही.